केसांची खनिज तपासणी: कधी करावी, नमुना कसा द्यावा, अहवाल कसा वाचावा

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. मुळाशी तो तयार होत असताना रक्तातून आलेले काही धातू त्याच्या केराटिन या प्रथिनामधल्या गंधकाला चिकटतात आणि केस टाळूच्या बाहेर आला की त्यातच राहतात. म्हणून टाळूलगतचे ३ सेंटीमीटर म्हणजे ढोबळमानाने गेल्या तीन महिन्यांची नोंद. ही गोष्ट खरी आहे, पण ती सगळ्या खनिजांना सारखी लागू होत नाही. माशांतून येणारा पारा आणि पाण्यातून येणारं आर्सेनिक यांच्यासाठी केस खरोखर कामाचा आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक शरीरात कमी की जास्त हे मात्र केसावरून ठरवता येत नाही. नेमकं तेच ठरवून देतो असं सांगत ही तपासणी विकली जाते, आणि अहवालासोबत गोळ्या-पावडरींची यादीही येते. या दोन उपयोगांची गल्लत झाली नाही तर पैसेही वाचतील आणि प्रकृतीही.

आधी प्रश्न ठरवा

पाकीट भरण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: मला नेमकं काय शोधायचं आहे? त्या उत्तरावर तपासणी अवलंबून आहे.

केस गळतात, थकवा येतो, पायात गोळे येतात, नखं ठिसूळ झाली आहेत, मुलाची उंची वाढत नाही. नागपुरात बहुतेक लोक याच कारणांसाठी केस तपासायला निघतात आणि यातल्या एकाही तक्रारीला केसांची तपासणी हे उत्तर नाही. केसगळतीचंच घ्या. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन किंवा एकदम वजन उतरवणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात. त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात आणि कारण दूर झालं की ते बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतं. मधल्या काळात झिंकच्या गोळ्या घेतल्या की श्रेय गोळ्यांना जातं.

मासे भरपूर खात असाल, विशेषतः मुशी, सुरमई, टूना असे दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे समुद्री मासे आठवड्यात अनेकदा ताटात असतील आणि घरात गर्भवती किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेली बाई असेल, तर पाऱ्यासाठी केस तपासणं योग्य आहे. रोहू-कटला खाणाऱ्यांना याची गरज सहसा पडत नाही, कारण ते मासे अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं असेल, तर घरातल्यांच्या केसांची तपासणी उपयोगाची, पण पाण्याची तपासणी त्याच्या आधी.

इतवारीच्या सराफ्यात किंवा इतर कुठे पाऱ्याने सोनं वेगळं करण्याचं काम करणाऱ्यांनी केस देऊ नयेत. त्यांना धोका पाऱ्याच्या वाफेचा असतो. ती वाफ केसांवर बाहेरूनही बसते, त्यामुळे आकडा फुगतो आणि शरीरात किती गेला ते कळत नाही. त्यांच्यासाठी लघवीतला पारा मोजायचा. जुन्या बॅटऱ्या फोडणं, शिसं वितळवणं, रंगकाम असा व्यवसाय असेल, तर रक्तातलं शिसं मोजायचं.

विदर्भाला या विषयाचा ताजा अनुभव आहे. २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या परिसरातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केस या तिन्हींमध्ये सेलेनियम फार वाढलेलं असल्याचं सांगितलं आणि त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. इथे केसांचा नमुना एकटा नव्हता. सोबत रक्त होतं, लघवी होती, खाण्यातलं धान्य तपासलं गेलं, आणि एकाच वेळी एकाच भागातल्या अनेक माणसांत तीच लक्षणं होती. एका माणसाचं एक पाकीट कुरिअरने पाठवून आलेला सेलेनियमचा आकडा या तपासाच्या जवळपासही येत नाही.

केसाचा आकडा कशाने बिघडतो

केसात आतून आलेलं आणि बाहेरून चिकटलेलं खनिज यंत्राला वेगळं ओळखता येत नाही. प्रयोगशाळा नमुना धुते, पण धुण्याने बाहेरचं सगळं निघत नाही, उलट सोडियम-पोटॅशियमसारखं आतलं थोडं निघून जातं. म्हणून सोडियम-पोटॅशियमच्या गुणोत्तरावरून ‘तुमच्या अॅड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत’ असं सांगणाऱ्या पानाला काहीच आधार नसतो.

नागपुरात सगळ्यात मोठी गडबड पाण्याने होते. अनेक लेआउटमध्ये आंघोळीला बोअरचं जड पाणी असतं. उन्हाळ्यात कुलरच्या जाळीवर आणि पंपावर जो पांढरा थर बसतो, तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रोज केसांवरही बसतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ४००–५०० च्या पाण्याने वर्षभर डोकं धुणाऱ्याचा अहवाल ‘कॅल्शियम जास्त’ सांगेल, आणि वर असंही लिहील की कॅल्शियम हाडांतून निघून केसांत साठतंय. प्रत्यक्षात तो बोअरचा गुण असतो.

कोंड्याच्या शाम्पूंमध्ये झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असतं, त्यामुळे ते दोन आकडे चढतात. भांगातल्या काही शेंदरांमध्ये शिशाचं संयुग सापडलेलं आहे, तेव्हा भांगाच्या जवळचे केस कधीही कापू नयेत. हळूहळू केस काळे करणाऱ्या काही रंगांत धातूंचे क्षार असतात. काळ्या मेंदीच्या नावाखाली काय मिसळलंय हे पुडीवरून बहुधा कळत नाही. ब्लीच आणि स्ट्रेटनिंगने केसांचा वरचा थर उघडतो, मग काही खनिजं निघून जातात आणि काही आत शिरतात. पोहण्याच्या तलावात शेवाळं मारायला मोरचूद टाकत असतील तर तांबं वाढतं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या केसांवर राखेची धूळ बसते आणि कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं असे धातू असतातच. ती धूळ फुप्फुसात गेली का, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर केसावरच्या धुळीतून मिळत नाही.

झिंकचा प्रकार तर अगदी उलटा आहे. झिंकची कमतरता तीव्र झाली की केसांची वाढच मंदावते. वाढ मंद, म्हणून प्रत्येक सेंटीमीटरमध्ये झिंक भरायला वेळ जास्त. कमतरता खरी असतानाही अहवालात आकडा सामान्य, कधी जास्तसुद्धा दिसू शकतो. असं मूल केसांच्या अहवालावर ‘व्यवस्थित’ ठरलं तर उपचार लांबतात.

नमुना कसा घ्यायचा

पारा किंवा आर्सेनिकसाठी ठोस कारण आहे असं डॉक्टरांशी बोलून ठरलं असेल, तर नमुना नीट घ्या. बहुतेक चुका इथेच होतात.

केस रंगवलेले, ब्लीच किंवा स्ट्रेट केलेले असतील तर किमान ८ आठवडे थांबा आणि फक्त नव्याने आलेला, मुळाजवळचा भाग द्या. आठ आठवड्यांत जेमतेम २ सेंटीमीटर मिळतील. कोंड्याचा शाम्पू त्याच काळात बंद ठेवा. तो लावलेले केस दोनदा धुऊन स्वच्छ होत नाहीत, नवी वाढच हवी.

आदल्या दिवशी साध्या शाम्पूने, शक्यतो नळाच्या किंवा आरओच्या पाण्याने केस धुवा. कंडिशनर, तेल, जेल काही लावू नका. कापेपर्यंत केस पूर्ण कोरडे हवेत, कारण ओले केस पाकिटात बुरशी धरतात आणि वजनही चुकतं.

जागा डोक्याच्या मागची, मानेच्या थोडं वर, दोन्ही कानांच्या पातळीवरची. तिथे केसांच्या वाढीचा वेग सर्वांत एकसारखा असतो. दाढीचे, काखेतले केस चालत नाहीत, त्यांचा वेग वेगळा. जावळ काढल्यावर ते केस तपासायला पाठवावेत का, असं पुष्कळ आईवडील विचारतात. पाठवू नका. इतक्या लहान बाळासाठी भरवशाच्या मर्यादाच नाहीत आणि आलेल्या आकड्याने घरात घबराट तेवढी पसरते.

प्रयोगशाळा साधारण पाव ग्रॅम ते अर्धा ग्रॅम केस मागतात. एका केसाचं वजन सेंटीमीटरला सुमारे ०.०५ मिलिग्रॅम धरलं, तर ३ सेंटीमीटर लांबीचे पाव ग्रॅम केस म्हणजे जवळपास १,६०० ते १,७०० केस. एकाच ठिकाणाहून घेतले तर डोक्यावर चट्टा दिसेल, म्हणून चार-पाच जागांवरून छोट्या बटा घ्या. स्टेनलेस स्टीलची धारदार कात्री वापरा, ती आधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसून वाळवा. गंजलेली किंवा निकेलचा मुलामा उडालेली कात्री स्वतःचे धातू नमुन्यात टाकते. सलूनमधल्या फरशीवरून केस उचलू नका आणि मशीनने कापलेला चुराही देऊ नका, त्यात मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते कळत नाही.

बट टाळूला अगदी लागून कापा, पण उपटू नका. मुळाच्या बाजूला सुती दोऱ्याने बांधा. त्या टोकापासून ३ ते ४ सेंटीमीटर मोजा आणि बाकीची लांबी कापून टाका. खांद्याखाली रुळणाऱ्या वेणीचं टोक दोन-तीन वर्षांपूर्वीचं असतं आणि त्यावर तितक्या वर्षांचं पाणी, धूळ, तेल बसलेलं असतं. हे टोकाचे केस पाठवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. वजन करायला मिलिग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. तो नसेल तर दोऱ्याने घट्ट न आवळता पेन्सिलीइतकी जाड जुडी धरा.

पांढऱ्या कागदी पाकिटात ठेवा. फॉइल नको, स्टेपलची पिन नको, चिकटपट्टी केसांना लागू देऊ नका. पाकिटावर नाव, तारीख, कुठून कापले, लांबी, कुठला शाम्पू, रंग कधी लावला, अंघोळीचं पाणी नळाचं की बोअरचं आणि गेल्या तीन महिन्यांतला मासळीचा अंदाज लिहा. ही माहिती मागतच नसलेली प्रयोगशाळा आकड्यांचा अर्थ लावूच शकत नाही.

प्रयोगशाळा पारखण्यासाठी

केस धुऊन, वाळवून, वजन करून नायट्रिक अॅसिडमध्ये मायक्रोवेव्हच्या उष्णतेने विरघळवतात आणि तो द्रव धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात जातो. यंत्र उत्तम असतं, प्रश्न आधीच्या पायऱ्यांचा असतो. २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक साधा प्रयोग छापून आला. एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले. १२ खनिजांच्या बाबतीत सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान आकड्याच्या दहापटीहून जास्त निघाला. त्यावरून मिळालेले आहाराचे सल्लेही एकमेकांशी जुळत नव्हते.

म्हणून फोन करून चार गोष्टी विचारा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, आणि मान्यतेच्या यादीत ‘केस’ हा नमुना आणि तुम्हाला हवा तो धातू आहे का? रक्ताच्या तपासण्यांची मान्यता दाखवून केसांचा अहवाल देणं हे सर्रास चालतं. प्रत्येक खेपेला प्रमाणित केसांचा संदर्भ नमुना मोजता का? धुण्याची पद्धत कोणती? आणि सप्लिमेंट तुम्हीच विकता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे की तिथे नमुना देऊ नये.

शंका असेल तर कापलेले केस बारीक करून चांगले मिसळा, दोन समान भाग करा आणि एकाच प्रयोगशाळेला दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवा. दोन्ही अहवालांत पारा १०–२० टक्क्यांच्या आत जुळला तर ठीक. दुप्पट-तिप्पट फरक आला तर दोन्ही कागद बाजूला ठेवा.

चार केस घेऊन ‘बायोरेझोनन्स’ने २००–३०० पदार्थांची अॅलर्जी सांगणारा प्रकार वेगळाच आहे. त्यात एकही धातू मोजला जात नाही. तिकडे फिरकूच नका.

अहवाल वाचताना

आधी एकक पाहा. मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, मिलिग्रॅम प्रति किलो आणि पीपीएम हे तिन्ही एकच. काही अहवाल मिलिग्रॅम टक्के वापरतात, म्हणजे १०० ग्रॅममागे मिलिग्रॅम, त्याला १० ने गुणलं की पीपीएम मिळतं. दोन अहवालांची तुलना करताना इथे दहापटीची चूक सहज होते.

मग संदर्भ मर्यादा. ती कोणाच्या केसांवरून काढली? अनेकदा ती त्या प्रयोगशाळेच्या आधीच्या ग्राहकांवरून काढलेली असते. लाल पट्टी म्हणजे आजार नव्हे, तुम्ही त्या ग्राहकांपेक्षा वेगळे आहात एवढंच.

पाऱ्याचा आकडा १ पीपीएमच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. त्याच्या वर गेला तर मोठे समुद्री मासे बंद करून लहान मासे खा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा. गर्भवतीचा आकडा १० च्या आसपास असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आर्सेनिक १ पीपीएमच्या वर असेल, तर आधी पिण्याचं पाणी तपासा (मानक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम) आणि लघवीची तपासणी करा, त्याआधी तीन-चार दिवस समुद्री मासे खाऊ नका. माशांतल्या निरुपद्रवी आर्सेनिकने लघवीचा आकडा वाढतो.

केसांत शिसं किंवा पारा दाखवून कोणी ‘डिटॉक्स’साठी चिलेशनचं, म्हणजे धातूंना बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाचं, सलाइन सुचवत असेल तर तिथून उठा. चिलेशन रक्तातला आकडा सिद्ध झाल्यावर, रुग्णालयात, ठरावीक औषधाने करतात. चिलेशनच्या औषधांपैकी ईडीटीएचा चुकीचा प्रकार दिल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून मृत्यू झालेले आहेत. औषध देऊन मग लघवी तपासायची आणि ‘बघा, किती विष निघालं’ म्हणायचं, हीसुद्धा फसवी रीत आहे, कारण औषधानंतरच्या लघवीसाठी मान्य मर्यादाच नाहीत.

पोषण तपासायचं असेल तर

रक्त द्या. धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही चांगल्या पॅथॉलॉजीत या तपासण्या होतात. मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांमध्येही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विचारता येतं.

सुरुवात सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांनी करा. हिमोग्लोबिन पुरुषात १३, स्त्रीत १२, गर्भवतीत ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलेला आहे. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं चढतं, तेव्हा बरं झाल्यावर तपासा. विदर्भात आणखी एक पायरी सोडू नका. इथे सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. रक्त कमी दिसलं की सिकलसेलसाठी आधी सोल्युबिलिटी आणि लागलं तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेल रुग्णाच्या शरीरात लोह आधीच जास्त असू शकतं. फेरिटिन न पाहता त्याला लोहाच्या गोळ्या देणं धोक्याचं आहे, आणि केसांचा अहवाल यातलं काहीच सांगत नाही.

शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा, ते २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. हातपायांना मुंग्या येत असतील तर वेळ घालवू नका. ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. थकवा आणि केसगळतीत थायरॉइडसाठी टीएसएच हवंच. झिंक तपासायचं तर सकाळी उपाशीपोटी, धातूविरहित नळीत. ७० मायक्रोग्रॅमच्या खाली कमतरतेची शक्यता. रक्तातलं कॅल्शियम मात्र आहाराबद्दल सांगत नाही, पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून ते सांभाळून ठेवते. कॅल्शियमसाठी ताटाचा हिशेब करावा लागतो.

त्यासाठी तीन दिवसांचं खाणं लिहून काढा, त्यात एक सुटीचा दिवस हवा. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम, लोह पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९, झिंक पुरुषाला १७ आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम लागतं. १०० मिली गाईच्या दुधात कॅल्शियम १२० च्या आसपास, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात त्याहून कितीतरी जास्त. ज्वारीच्या भाकरीसोबत रोज दोन चमचे तिळाची चटणी आणि दोन वाट्या दही एवढ्यानेही हिशेबात दिसण्याजोगा फरक पडतो. लोहासाठी हरभरा, मोट (मटकी) भिजवून मोड आणा, त्याने लोहाचं शोषण अडवणारं फायटेट कमी होतं. जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी किंवा लिंबू घ्या आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा.

केसांच्या अहवालावर झिंक सुरू केलं असेल तर डबीवर ‘एलिमेंटल झिंक’ किती ते पाहा. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर महिनोन्महिने घेतलं तर तांब्याचं शोषण बिघडतं, आणि तांबं कमी झालं की पुन्हा रक्तक्षय आणि चालताना तोल जाणं सुरू होतं. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात आणि नखं तुटतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी घेतली तीच वाढते.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी आणि फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढलं नाही, तर गोळी नियमित घेतली जाते का, चहासोबत तर घेत नाही ना, पाळीत किंवा पोटातून रक्त जातंय का, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया तपासायचा राहून गेला का, हे त्याच क्रमाने विचारा.